बाईसाहेबांचे अप्पा

‘कसे आहात अप्पा?’ असं विचारलं की अप्पा गाडीची तब्येत सांगतात. ‘आता बरं आहे. परवा सकाळी उठवत नव्हतं, खोकलाही फार होता. रात्री थोडं तेल गेलं. पण काल नळी साफ केली, आता मोकळं वाटतंय.’ नवख्या माणसाला वाटतं, सत्तरी ओलांडलीय, चालायचंच. तो काळजीने विचारतो, ‘डॉक्टरांना दाखवलंत का?’ अप्पा म्हणतात, ‘दाखवलं की. नाना पेठेत बसतात. प्लग बदला म्हणाले.’

अप्पांची गाडी म्हणजे १९४८ सालची एम.जी. टी.सी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. त्यातली एक एरंडवण्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरींच्या पांढऱ्याशुभ्र एसयूव्हीशेजारी ताडपत्रीखाली निजलेली असते. लांबलचक नाक, मधोमध बिजागरी असलेलं आणि दोन्ही बाजूंनी उघडणारं बॉनेट, कोपर बाहेर काढता यावं म्हणून खोल कापलेली दारं, उंच आणि बारीक तारांची चाकं, पाठीला पेट्रोलची टाकी आणि टाकीच्या पाठीला स्टेपनी. माणसं दोन. तिसरं बसवायचं तर आधीच्या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम हवं. अप्पा तिला ‘बाईसाहेब’ म्हणतात. त्यांच्या पत्नी माईही तेच म्हणतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो.

असा एक अप्पा गावोगावी असतो. कुठे त्याच्याकडे मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड असते, कुठे नातेवाइकांनी ‘भंगारात घाला’ म्हणून सांगून थकल्यावरही उभी असलेली एखादी ट्रायम्फ. गोव्यात तिथेच घडवलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म सांभाळून असलेले लोक आहेत. गाड्या वेगळ्या, पण माणूस एकच. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या बाहीवर एक डाग असतो, खिशात टेस्टरचा स्क्रू-ड्रायव्हर असतो, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना तो शेजाऱ्याला कार्ब्युरेटरमधली सुई किती वर-खाली करावी हे सांगत असतो.

बाईसाहेब अप्पांच्या आयुष्यात आल्या १९७९ साली. अप्पा तेव्हा बँकेत कारकून होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. साताऱ्याकडे एका वाड्याच्या गोठ्यात ही गाडी त्यांना दिसली. तिची वंशावळ अप्पा तोंडपाठ सांगतात : आधी एक साहेब, मग एक डॉक्टर, मग डॉक्टरांचा मुलगा, मग कोंबड्या. अप्पांनी ती घेतली तेव्हा ताबा कोंबड्यांकडे होता. ड्रायव्हरच्या सीटवर अंडं होतं. ते अप्पांनी शुभशकुन मानलं आणि जागेसाठी साठवलेले पैसे मोजून मोकळे झाले. ‘त्या पैशात कोथरूडला दोन गुंठे येत होते,’ हे माईंचं वाक्य तेव्हापासूनचं. कोथरूडचा भाव वाढला की माई ते म्हणतात. मेट्रो सुरू झाली त्या दिवशी दोनदा म्हणाल्या.

टी.सी.च्या अंगाखाली लाकडाचा सांगाडा असतो हे अप्पांना गाडी घेतल्यावर कळलं. अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाची चौकट आणि तिच्यावर ठोकलेला पत्रा. हे कळवलं वाळवीने. एके पावसाळ्यात गाडीच्या दाराखाली भुशाची बारीक रांगोळी दिसायला लागली. अप्पांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला.

‘किती बीएचके?’ पलीकडून प्रश्न आला.

‘टू सीटर,’ अप्पा म्हणाले.

माणूस आला, ताडपत्री उचलून बघितली, पुन्हा खाली सोडली आणि साहेबांशी बोलून येतो म्हणून गेला तो गेलाच. शेवटी अप्पांनी भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून एक म्हातारा सुतार आणला. त्याने गाडीला हात लावून विचारलं, ‘चौकट कशात करू? सागात करतो. नातवंडं बघतील.’ तेव्हापासून बाईसाहेबांची हाडं सागवानी आहेत. कात्रजच्या घाटात गाडी करकरली की अप्पा अभिमानाने म्हणतात, ‘ऐकलंत? हा सागाचा आवाज. अ‍ॅश असा वाजत नाही.’

तसं लाकूड परवडलं. खरी परीक्षा लोखंडाची. बाईसाहेबांच्या इंजिनाची गोष्ट अप्पा एकदा सांगायला लागले की पाहुण्याने घड्याळ काढून ठेवावं. कॉव्हेंट्रीतल्या ज्या कारखान्यात हे इंजिन घडलं तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात तो तिथे उभा राहिला, १९२३ साली मॉरिसने तो विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक. पण गाडी दुरुस्त करणार इंग्रज, आणि त्याच्या पेटीत पाने व्हिटवर्थ मापाचे. मग काय केलं? आटे फ्रेंचच ठेवले आणि बोल्टची डोकी तेवढी इंग्रजी पान्यांच्या मापाची केली. एवढं सांगून अप्पा थांबतात आणि समोरच्याकडे बघतात. समोरच्याने इथे ‘काय सांगता!’ म्हणायचं असतं. न म्हणणाऱ्याला ते गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

परिणाम असा की हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट बाईसाहेबांना चालत नाही. आटा बसला तर डोकं बसत नाही, डोकं बसलं तर आटा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून अप्पा मुठी-मुठीने बोल्ट करून आणतात. अंबाबाईचं दर्शन हा त्या प्रवासाचा अधिकृत हेतू असतो. माई दर्शनाच्या रांगेत, अप्पा लेथपाशी. दोघंही परतताना समाधानी असतात. प्रसादाच्या पुडीत एकदा नट सापडला होता.

गाडी सुरू करणं हा अप्पांचा रविवारचा विधी. आधी बॅटरीची वायर जोडायची. मग पायातल्या कोल्हापुरी काढून खांबापाशी ठेवायच्या, कारण पेडलं इतकी दाटीवाटीने बसलेली आहेत की चपलेचा पाय ब्रेकवर ठेवला तर अ‍ॅक्सिलरेटरही बरोबर जातो. मग अनवाणी आत बसायचं. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टकटकायला लागतो. या वेळी कोणी बोलायचं नाही. टकटक मंदावली, थांबली, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटर भरले. आता चोकची मूठ ओढायची. किती ओढायची हे कुठल्याही पुस्तकात नाही, ते अप्पांच्या मनगटात आहे. थंडीत पूर्ण, उन्हाळ्यात अर्धी, श्रावणात त्याच्या मधली. मग सेल्फची मूठ ओढायची. इंजिन गरगरतं, ठसकतं. ‘आली, आली,’ अप्पा पुटपुटतात. इंजिन बंद पडतं. ‘गेली.’ पुन्हा गरगर. ‘आली…’ हा संवाद ऐकत आम्ही गॅलरीत चहा पितो. शेवटी ती खरंच येते, पार्किंगभर निळा धूर होतो, सेक्रेटरी खिडकी लावून घेतात आणि बाईसाहेब फाटकाबाहेर पडतात. खांबापाशी चपला तशाच राहतात. सोसायटीतल्या मुलांनाही हे ठाऊक आहे : चपला दिसल्या की समजायचं, आज सुरू झाली. या चपलांपायी अप्पा आजवर कितीतरी मुंजींना, लग्नांना आणि एका पुस्तक प्रकाशनाला अनवाणी गेले आहेत. प्रकाशनाला लोकांना वाटलं, काहीतरी व्रत असेल.

त्या चपलांशेजारी एक परात असते. ती माईंची पुरणाची परात होती. या इंजिनाला मागच्या बाजूला तेल अडवायला रबरी सील नाही, मळसूत्रासारखी एक खाच आहे. इंजिन फिरतं तेव्हा ती तेल आत ओढते. इंजिन थांबलं की खाचही थांबते आणि तेलाला हवं तिकडे जायला मोकळीक मिळते. एकदा सोसायटीच्या सभेत ‘पार्किंगमधील डागाबाबत’ असा विषय आला. अप्पांनी उभं राहून सांगितलं, ‘गळतंय तोवर चिंता नाही. गळायचं थांबलं की घाबरायचं, म्हणजे आतलं संपलं.’ सभेला हा मुद्दा पटला नाही, पण खोडताही आला नाही. परात ठेवावी असा ठराव झाला. पुरणाचा ठरावात उल्लेख नव्हता. तो माईंनी घरी केला.

सुटे भाग ही आणखी एक गंमत. १९४८ सालच्या या गाडीचं हेड गॅस्केट, वॉटर पंप, दाराची कडी, असं बहुतेक सगळं आजही इंग्लंडात नवंकोरं मिळतं. माईंच्या पाच वर्षांपूर्वीच्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण मात्र पुण्यात मिळत नाही. ‘ते मॉडेल बंद झालं,’ दुकानदार सांगतो. अप्पा यावर हसतात, आणि माई म्हणतात, हसायचं कारण नाही. अप्पांचा भाचा इंग्लंडात असतो. त्याच्या प्रत्येक भारतभेटीआधी त्याच्या घरी एक खोकं पोहोचतं. एकदा विमानतळावर त्याची बॅग उघडायला लावली. आत कपड्यांमध्ये गुंडाळलेलं एक जाड, गोल, पंखेदार लोखंडी प्रकरण. ‘हे काय आहे?’ ‘मामांचा वॉटर पंप.’ अधिकाऱ्याने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि मामांची प्रकृती कशी आहे असं विचारलं.

रस्त्यावरचे अप्पा हे स्वतंत्र प्रकरण आहे. बाईसाहेबांना वळण्याचे दिवे नाहीत. अप्पा हात दाखवतात, ड्रायव्हिंगच्या जुन्या पुस्तकात असतात तसे, पूर्ण शास्त्रोक्त. उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी उजवा हात लांब केला की फुटपाथवरची माणसं आनंदाने हात हलवतात. वेग कमी करतोय हे सांगायला तळहात वर-खाली केला की मागचा स्कूटरवाला समजतो आपल्याला बोलावलं. तो शेजारी येऊन विचारतो, ‘काय काका?’ काका म्हणतात, ‘काही नाही, थांबतोय.’ तो म्हणतो, ‘का? बंद पडली?’ आणि धक्का द्यायला उतरतोसुद्धा. सिग्नलला थांबलं की सगळीकडून एकच प्रश्न येतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ यावर अप्पांचं ठरलेलं उत्तर आहे. ‘सरासरी चार माणसं. उतारावर दोन पुरतात.’

हँडब्रेकची तऱ्हा उलटी आहे. नेहमीच्या गाडीत बटण दाबलं की ब्रेक सुटतो. इथे बटण दाबलं की लागतो, आणि दांडा ओढला की सुटतो. म्हणून अप्पा गाडी कोणाच्याही हाती देत नाहीत. एका मोठ्या हॉटेलाच्या दारात किल्ली मागायला आलेल्या पोराला त्यांनी शेजारी बसवलं, स्वतःच गाडी लावली आणि त्याच्याबरोबर चालत परत आले. पोराने वाटेत त्यांच्या अनवाणी पायांकडे बघून दहा रुपये नाकारले.

पण सगळ्यात मोठी गंमत डॅशबोर्डवर आहे. टी.सी. बनवणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या पुढ्यात इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ बसवलं आणि वेगाचा काटा डावीकडे, शेजारी बसणाऱ्या माणसासमोर. म्हणजे गाडी चालवतात अप्पा आणि वेग दिसतो माईंना. संसारात इतकी योग्य वाटणी दुसऱ्या कुठल्या गाडीने केली नसेल. माई त्या काट्यावरून नजर हलवत नाहीत. लोणावळ्याचा बोगदा म्हणू नका, इंद्रायणी म्हणू नका, माईंनी निसर्ग असा पाहिलेलाच नाही. ‘चाळीस झाले. पंचेचाळीस. अहो, पन्नास!’ पन्नास हा माईंचा लक्ष्मणरेषेचा आकडा. अप्पा आज्ञाधारकपणे पाय काढायचे. माई मैत्रिणींना सांगायच्या, ‘आमचे हे पन्नासच्या वर कधी जात नाहीत.’ हे वर्षानुवर्षं चाललं. मग एका सुट्टीत नात माईंच्या मांडीवर बसली. तिने काट्याच्या तबकडीवर चिकटवलेला छोटा गणपती नखाने उचकटला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : मैल. पन्नास मैल म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर. नात गणितात हुशार आहे. तिने ते मोठ्याने सांगितलं. तिथून घरापर्यंत बाईसाहेबांत फक्त इंजिन बोलत होतं.

त्या गाडीने एकदा अप्पांच्या पुतण्याची वरातही काढली. सगळ्यांची हौस. झेंडूच्या माळा घातल्या, नवरा-नवरी बसवली, अप्पा चालवायचे म्हणून नवरी नवऱ्याच्या मांडीवर. आता जुन्या गाडीला वारा लागला तर पाणी थंड राहतं, आणि वरात चालते चार पावलं पुढे, दोन पावलं नाच. कार्यालय दोनशे पावलांवर असताना रेडिएटरने वाफ सोडली. बँडवाल्यांना वाटलं, खास लग्नासाठी धुराची सोय आहे. त्यांनी चाल बदलून जोरात वाजवायला सुरुवात केली. बाईसाहेब बंद पडल्या. मग फेटा सावरत नवरा उतरला, त्याचे मित्र लागले, आणि दोन क्लॅरिनेटवाले एका हाताने वाद्य धरून दुसऱ्या हाताने ढकलायला आले. आत फक्त नवरी आणि अप्पा. स्वागताला उभ्या असलेल्या मंडळींपैकी एका आजींनी दोघांचंही औक्षण केलं.

२०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षं वैध. अप्पांनी नियम छापून घेतला आणि खाली तांबड्या पेन्सिलीने रेघा मारल्या. त्यात म्हटलं आहे की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच आणायची. इतर लोक हे वाचून हिरमुसले असतील. अप्पांना त्यात मोक्षाचा दरवाजा दिसला. पेट्रोल भरणं! तेव्हापासून अप्पा बाईसाहेबांना घेऊन कुठेही जात नाहीत, फक्त पेट्रोल भरायला जातात. कधी पौडच्या पंपावर, कधी वाईच्या. पौडला पेट्रोल बरं असतं. वाईला पंपाशेजारी मेणवलीची वाट आहे. एकदा ते पेट्रोल भरायला महाबळेश्वरला गेले आणि येताना स्ट्रॉबेरी घेऊन आले. ‘देखभाल,’ अप्पा टोपली उतरवताना म्हणाले.

पेट्रोल किती आहे हे कळायला मात्र काटा नाही. टाकी साठेक लिटरची आहे, आणि तळाशी अडीच गॅलन उरले की एक हिरवा दिवा लागावा अशी मूळ योजना. बाईसाहेबांचा हिरवा दिवा गोठ्यातच विझला. म्हणून अप्पा टाकीत लाकडी फूटपट्टी घालतात. ही फूटपट्टी माईंची. माई शाळेत शिक्षिका होत्या, त्या पट्टीने त्यांनी तीन पिढ्यांना सरळ केलं. निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी शाळेतून आठवण म्हणून घरी आणली, आणि आठवड्याभरात तिला पेट्रोलचा वास यायला लागला.

अलीकडे पेट्रोलात इथेनॉल वीस टक्के येतं आणि ते जुनं रबर खातं. अप्पांनी सगळ्या नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा बदलला, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. माई म्हणाल्या, ‘अहो, उसाचंच असतं ना ते? साताऱ्याची आहे ती. सोसेल.’

महिन्यातल्या एखाद्या रविवारी सगळे अप्पा जमतात. एखाद्या इराणी बेकरीबाहेर पहाटे गाड्या लागतात आणि सगळे मालक बॉनेट उघडून ठेवून एकमेकांच्या इंजिनात बघत उभे राहतात. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग एक जण ‘हं’ म्हणतो. दुसरा ‘हं’ म्हणतो. ही त्यांची चर्चा. वाद होतो तो एकाच शब्दावरून : ओरिजिनल. हा रंग ओरिजिनल नाही, हा हॉर्न ओरिजिनल नाही. एकदा कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, ‘अप्पांचा सांगाडा सागाचा आहे.’ अप्पा त्या दिवशी बन-मस्का न खाता परतले. पण दुसऱ्याच आठवड्यात त्याच माणसाची गाडी खंबाटकीत बंद पडली तेव्हा टोचन करून आणायला दोर घेऊन पहिले पोहोचले ते अप्पाच. परतीच्या वाटेत त्यांनी सागाचा विषय काढला नाही. दोर सोडताना काढला.

अप्पांना या सगळ्यातून काय मिळतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ती गाडी घेऊन ते कुठे वेळेवर पोहोचत नाहीत. पावसाळ्यात छप्पर लावायला दोन माणसं लागतात, आणि ते लागेपर्यंत सर संपते. मग एकदा लक्षात आलं. अप्पा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेने त्यांच्याशिवाय शटर उघडलं. विजेचं बिल मुलगा सिअ‍ॅटलहून भरतो. गॅस मोबाइलवर लागतो, रिक्षा मोबाइलवर येते, आणि मोबाइल नातीला जास्त कळतो. माईंची नवी छोटी गाडी बटण दाबलं की सुरू होते, कोणीही दाबा. एरंडवण्यात एकच वस्तू अशी आहे जी अप्पांशिवाय जागची हलत नाही. मेकॅनिकने प्रयत्न केला, मुलाने केला, पुतण्याने केला. टकटक होते, गरगर होते, आणि पुढे काही नाही. अप्पा येतात, चपला काढतात, चोकला हात लावतात. ‘आली.’

म्हणून मागच्या हिवाळ्यात अप्पांनी गाडी विकायची म्हटल्यावर आम्ही सगळेच चपापलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी, क्लच दाबू नका म्हणून सांगितलं होतं. ‘बघू या तरी,’ अप्पा म्हणाले. एक तरुण उद्योजक बघायला आला. मुलगा चांगला, नम्र. वाकून नमस्कार केला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून माईंनी मनातल्या मनात कोथरूडचा हिशेब केला. एक बेडरूमचा फ्लॅट बसत होता, पार्किंगसकट. माई पोहे करायला आत गेल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांनी खटला जिंकलेल्या माणसाचं तेज होतं.

मुलगा अप्पांना आपले बेत सांगत होता. ‘काका, काळजी करू नका. इंजिन जपानी टाकतो, एकदम स्मूद. पॉवर स्टिअरिंग, छोटा एसी. दिवे, इंडिकेटर सगळं नवं.’ अप्पा काही बोलत नव्हते. गुडघ्यावर हात फिरवत होते. ‘सागाला हात लावणार नाही,’ मुलगा म्हणाला. अप्पांनी मान हलवली. माई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आल्या तेव्हा तो म्हणत होता, ‘आणि ते स्पीडोमीटर तिकडे कशाला हवंय? ते इकडे घेऊ, ड्रायव्हरसमोर.’

माईंनी बश्या टेबलावर ठेवल्या. त्याचे पोहे खाऊन होईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. चहा आणला. तो संपल्यावर विचारलं, ‘झालं?’

‘हो काकू. छान होता.’

‘मग या आता.’

मुलगा गोंधळला. ‘पण काकू, व्यवहाराचं…’

‘ती कोथरूडला जायची आहे,’ माई म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ त्याला कळला नाही. अप्पांनाही कळला की नाही, सांगता येत नाही.

तो गेला. माईंनी खुंटीवरची फूटपट्टी घेतली, पदर खोचला आणि जिना उतरून पार्किंगमध्ये गेल्या. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. टाकीचं झाकण उघडून त्यांनी पट्टी आत घातली, बाहेर काढली, चष्मा वर करून उन्हाकडे धरली. टाकी आदल्याच दिवशी भरलेली होती. अप्पा हळूहळू जिना उतरत येत होते.

‘बोटभर कमी आहे,’ माई म्हणाल्या. ‘काढा चपला. आणि त्या क्लचला उजवा पाय वापरता येतो का बघा.’